माघारीचा दिवस

पंचायत समितीला तिरंगी लढत होती आणि त्यातला तिसरा मी. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुसऱ्या दोघांतल्या बड्या बागायतदार उमेदवाराची माणसं मला उचलून शिरूरच्या कचेरीत नेणार आणि सही करायला लावणार, अशी मला धास्ती. म्हणून सकाळीच घर सोडून दौंडला बहिणीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जाऊन बसलो. बसलो कसला, नुसत्या येरझाऱ्या! इंजिनाची शिट्टी झाली तरी दाराची कडी चाचपत होतो. दूधवाला आला तेव्हा मी मोरीत लपलो. बहीण वैतागली, "दादा, टेक की जरा, मला गरगरतंय."

मुदत टळली आणि जीव भांड्यात पडला. संध्याकाळी छाती काढून शिरूरच्या स्टँडवर उतरलो. बागायतदार उमेदवाराचे थोरले भाऊ चहा पीत उभे होते. मी मुद्दाम विचारलं, "काय आप्पा, लई शोधलंत का मला?"

"तुम्हाला? न्हाई बा," ते म्हणाले. "तुम्ही हाय म्हणून तर पलीकडच्याची मतं फुटत्यात. तुम्ही माघार घेऊ नये म्हणून सकाळधरनं देव पाण्यात घालून बसलोय!"

आणि त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. स्पेशल.