वाक्यात उपयोग करा

माझं लग्न इंग्रजीने मोडलं आणि अहिराणीने जमवलं. मराठीला त्यात अगदी शेवटी जेमतेम तोंड घालायला मिळालं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात होतो आणि आईने माझ्या लग्नाचं मनावर घेतलं होतं. मावशीने देवळाली कॅम्पातलं स्थळ सुचवलं. मुलगी मेधा, बँकेत नोकरीला. फोटो पाहिला आणि मी पार गारद! करीन तर हिच्याशीच, असं मी वरणभात जेवता जेवता ठरवून टाकलं.

"मुलगी सोन्यासारखी आहे," मावशी म्हणाली, "पण बाप रिटायर्ड मेजर. कुत्र्याशीसुद्धा इंग्रजीत बोलतो. इंग्रजी येत नाही म्हणून आलेली स्थळं परत पाठवलीत त्याने!"

कुत्र्याला समजतं ते मला का समजू नये? मी दुसऱ्याच दिवशी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. चिवड्याच्या दुकानावर वर्ग भरायचा. खालून तळलेल्या लसणाचा वास यायचा आणि वर सर ओरडायचे, "ग्रामर विसरा! वाक्प्रचार पाठ करा आणि बिनधास्त वाक्यात उपयोग करा!"

पहिल्या तासाला वाक्प्रचार पाठ करायचे आणि दुसऱ्या तासाला त्यांचे अर्थ. माझी पडली सेकंड शिफ्ट! पहिला तास संपला की मी लुनाला टांग मारून सातपूरला पळायचो. त्यामुळे वाक्प्रचार सगळे तोंडपाठ आणि अर्थ सगळे वर्गात. पण मी काय हार मानतो? एकेक शब्द सुटा करून अर्थ माझे मीच लावले. (इतके सोपे निघाले की लोक दुसऱ्या तासाला बसतात कशाला, हेच मला कळेना!)

ठरलेल्या रविवारी मी, आई आणि दिंडोरीचा मामा असे देवळालीला गेलो. मामाने स्वतःच्या बागेतली द्राक्षांची पेटी घेतली होती. दारात मेजरसाहेब उभे. मिशा अशा, की त्यांनाही पेन्शन मिळत असावी.

"वेलकम! प्लीज मेक युवरसेल्व्ह्ज ॲट होम!"

मामा माझ्या कानाशी लागला. "काय म्हंतो रे दिगू?"

मेक म्हणजे बनवा. ॲट होम म्हणजे घरी. "म्हणताहेत, तुमचं तुम्ही घरी जाऊन बनवा."

"म्हंजे? पोहे बी नाय?"

"हळू बोल रे दादा," आई कुजबुजली. "लष्करात अशीच शिस्त असेल."

मामाने द्राक्षांची पेटी पायाने मागे सरकवून आपल्या खुर्चीखाली घातली. "मंग ही बी घरीच खाऊ आपण," तो पुटपुटला.

पण पोहे आले. मेधाच घेऊन आली. फोटोत ती निम्मीसुद्धा सुंदर दिसत नव्हती! मेजरसाहेब इंग्रजीत सांगत होते आणि मेधा ते आईला मराठीत समजावत होती, की रिटायर झाल्यावर त्यांनी गुलाबाची नर्सरी काढलीय, रोज पहाटे स्वतः राबतात. मला मनापासून कौतुक वाटलं. माणसाने आपल्या धंद्यात असंच लक्ष घालावं! मी पुढे सरसावलो.

"व्हेरी गुड, सर! माइंड युवर ओन बिझनेस!"

मेजरसाहेबांचा चमचा हवेतच थांबला. "आय बेग युवर पार्डन?"

बेग म्हणजे भीक! एवढा मोठा अधिकारी आणि माझ्यापुढे ही भाषा? मला गलबलून आलं. मी त्यांचा हात हातात घेतला. "नो, नो, सर! डोन्ट बेग! डोन्ट बेग!"

त्यांनी हात सोडवून घेतला. मेधाने तोंडाला पदर लावला. लाजली असणार, असं मला वाटलं.

आईने विषय बदलावा म्हणून मेधाला गाणं म्हणायला लावलं. काय आवाज होता हो! मामासुद्धा पोहे चावायचा थांबला. गाणं संपलं तेव्हा मी या जगात नव्हतो. 'तुमच्या सुरात मी हरवून गेलो', एवढंच मला सांगायचं होतं. मी छातीवर हात ठेवला, तिच्याकडे पाहिलं आणि भरल्या गळ्याने म्हणालो, "गेट लॉस्ट!"

कोपऱ्यात झोपलेला कुत्रा उठून उभा राहिला.

"कंप्लीट गेट लॉस्ट!" मी जोर दिला. मामाने "वा!" म्हणून मांडीवर थाप मारली.

मेजरसाहेबांच्या मानेची शीर टरारली. आवाज आवरत त्यांनी विचारलं, "यंग मॅन, डू यू वॉन्ट धिस मॅरेज ऑर नॉट?"

मॅरेज हा शब्द मला कळला. आता सगळं एका वाक्यावर होतं! माझं मढं पडलं तरी बेहत्तर, पण लग्न होणार, हे त्यांना ठणकावून सांगायलाच हवं होतं. मी ताडकन उभा राहिलो, मूठ वर केली आणि गरजलो,

"धिस मॅरेज, सर? ओव्हर माय डेड बॉडी!"

"शाब्बास रे भाच्या!" मामा ओरडला.

मेजरसाहेब उठले. चेहरा लालबुंद. तोंड उघडलं, पण इंग्रजी काही बाहेर येईना. आणि मग एकदम स्फोट झाला.

"हाई काय शे? आं? काय बोली ऱ्हायना तू? तुले काही समजस का?"

भाषा कळली नाही, पण लग्न मोडलं एवढं कळलं. मी गुपचूप चपलांकडे पाहिलं.

मामा मात्र खुर्चीतून अर्धा उठला होता. "साहेब, ही तर अहिरानी! गाव कोन्तं तुमचं?"

"सटाणा," साहेब चुकून बोलून गेले आणि ओशाळले.

"आरं मंग आधी सांगायचं ना, राव! मी उगाच घाबरलो!" मामाने खुर्चीखालून पेटी ओढली आणि द्राक्षांचा घोस साहेबांच्या हातातच कोंबला.

इतका वेळ दाबलेलं मेधाचं हसू फुटलं. डोळे पुसत ती म्हणाली, "अहो, तुम्हाला जे म्हणायचंय ते मराठीत सांगा बरं एकदा."

मी सांगितलं. धंद्यात लक्ष, सुरात हरवणं, मढं पडलं तरी लग्न, सगळं. सांगताना मला रडूच यायला लागलं. ऐकून मेजरसाहेब मटकन खाली बसले. पोट धरून हसले, ठसका लागेपर्यंत.

"बाबा," मेधा म्हणाली, "परत नका पाठवू यांना. या घरात इतकी वर्षं इंग्रजी बोलतोय आपण, पण तुम्ही एवढे कधी हसलात का?"

लग्न झालं. सासरेबुवा माझ्याशी कायम अहिराणीत बोलतात आणि मला त्यातलं निम्मंच कळतं.

परवा पेपरात जाहिरात वाचली, ॲडव्हान्स्ड स्पोकन इंग्लिश. मी मेधाला म्हटलं, "लावू का गं हा कोर्स?"

ती ताट ठेवून ओरडली, "डोन्ट यू डेअर!"

डेअर म्हणजे हिंमत. डोन्ट यू डेअर म्हणजे, 'तुझ्यात हिंमत नाही का?' सख्खी बायको असं आव्हान देते म्हटल्यावर मी काय मागे हटणार? त्याच संध्याकाळी जाऊन नाव घालून आलो.