सिस्टरची वही आणि चार संशयित

ती घटना आजही आठवली की घास गोड लागत नाही. मला निवृत्त होऊन फार दिवस झालेले नाहीत, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही. माणसं हयात आहेत आणि त्यातली काही अजून पुढारीपण करतात. गाव आर्णीकडचं, एवढंच सांगतो. मी तिथे ठाणेदार होतो.

त्या दिवसांत वरून हुकूम होता, बांगलादेशी घुसखोर शोधा. हुकुमाबद्दल माझी तक्रार नाही. बेकायदा राहणाऱ्याला शोधणं हे पोलिसाचं कामच आहे. तक्रार आहे ती रोज सकाळी येणाऱ्या फोनबद्दल. "किती सापडले?" मी 'निरंक' कळवलं की शेजारच्या ठाण्याने किती दाखवले, ते मला ऐकवलं जाई. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली शेळ्याच नाहीत हे कोण सांगणार?

अशात एक लेखी अर्ज आला. अर्जदार गावातला नवा पुढारी, येत्या निवडणुकीत उभा राहणारा. अर्जातला मजकूर असा: गावकुसाबाहेर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईने चार बांगलादेशी घरात लपवले आहेत. ती रोज सकाळी माणसं जमवून धर्मांतर करते. बाटलेल्यांची नोंदवही तिच्याकडे असून, ज्याच्या नावापुढे क्रूस तो बाटला असं समजावं.

नर्सबाईला सगळा गाव सिस्टर म्हणायचा. मिशनच्या दवाखान्यात तिची हयात गेली होती. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन नागपूरला. आणि ते चौघे म्हणजे केसवाले. बायका विंचरताना गळलेले केस गुंडाळून पिशवीत भरून ठेवतात, आणि केसवाला आला की ते देऊन वाटी नाहीतर पातेलं घेतात. ते घेणारे हे बंगाली लोक, मोटारसायकलला भांडी टांगून गावोगाव फिरणारे. सिस्टरच्या मागच्या खोलीत ते भाड्याने राहत होते. आमच्या घरच्या दोन वाट्याही त्यांच्याकडच्याच, हे मला नंतर बायकोने सांगितलं.

मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि सकाळी सातला सिस्टरच्या दारात उभा राहिलो. सोबत हवालदार आणि एक महिला शिपाई होती. आत प्रार्थना चालू होती. सहासात म्हाताऱ्या बायका, आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून ते चौघे. डोक्यावर टोप्या, मान खाली. सिस्टर डोळे मिटून बोलत होती.

"प्रभू, हे चार जीव भेवून राह्यले. बाहेर गाडीचा आवाज आला का यायच्या हातातला घास खाली पडते. तुलेबी तुह्या मायबापानं लहानपणी परमुलखात पळवून नेलं होतं, तुले ठाऊक आहे हे कसं असते. यायले संभाळ. आन जे यायच्या मागं लागले, त्यायच्या मनातला राग काढ. आमेन."

डोळे उघडले तेव्हा समोर मी होतो. चौघांतला धाकटा उठून मागच्या दाराकडे धावला. तिथे हवालदाराने आधीच वाट अडवली होती. पळतो तो गुन्हेगार, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. भ्यालेला माणूसही पळतो, हे कुणी शिकवत नाही.

वही टेबलावरच होती. चाळली तर खरोखर नावं, आणि बऱ्याच नावांपुढे लाल शाईचा छोटा क्रूस. अर्जात लिहिलं होतं अगदी तसं. आमच्या ठाण्यातल्या प्रत्येक रजिस्टरात नाव आणि पुढे खूण म्हणजे निकाल लागलेलं प्रकरण. माझ्या डोक्यात तेच बसलं. मी पंचनामा करून वही जप्त केली, चौघांना गाडीत घातलं आणि सिस्टरलाही चला म्हटलं. महिलेचा जबाब तिच्या घरी घ्यायचा, हा कायदा मला पाठ होता. तरी मी पासष्टीच्या बाईला ठाण्याच्या बाकावर तीन तास बसवलं. ही चूक माझी आहे, तिचं खापर वरच्यांवर फोडत नाही.

वरिष्ठांना कळवलं तर आवाज एकदम मऊ झाला. "शाब्बास. पाच वाजता गाडी पाठवतो. चौघांना तिच्यात बसव."

"सर, पडताळणी व्हायची आहे. त्यांच्या गावच्या ठाण्याला..."

"ती इकडे होईल. तू फक्त संशयित म्हणून अहवाल दे."

चौकशीत मी थोरल्याला आधी घेतलं. त्याने आधार, मतदान ओळखपत्र, आजोबाच्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं. मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं गाव. हवालदार म्हणाला, "असे कागद बाजारात भेटतेत, साहेब."

मी विचारलं, "खरा असशील तर लपला कशाला? धंदा बंद करून घरात का बसलास?"

तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "साहब, मेरा साला दूसरे शहर में यही काम करता था. उसके पास भी यही सब कागज था. गाडी में बैठाया, बोला जाँच होगा. चार दिन बाद बॉर्डर के उस पार से फोन किया. अभी तक नहीं आया. उसका माँ-बाप इधर, वो उधर. गाडी में मत बैठाओ साहब. इधर मारना है तो मार लो."

पाचच्या गाडीचा अर्थ मला तेव्हा कळला. घड्याळात साडेनऊ झाले होते. मी त्यांच्या गावच्या ठाण्याला फोन लावला. तिकडचा अधिकारी आधी चिडला. अशा फोनांनी त्याचंही डोकं उठलं होतं. मग म्हणाला, माणूस पाठवतो, जमिनीचं रेकॉर्ड आणि जुनी मतदार यादी बघून लेखी कळवतो.

तोवर धर्मांतराचं बघू म्हणून मी सिस्टरपुढे वही टाकली. "हे क्रूस कशाचे?"

"प्रार्थना ऐकली गेली म्हणजे मी क्रूस करतो, साहेब. आभार मानायले. वाचा नं, पुढं लिवलं आहे."

खरंच लिहिलं होतं. मी फक्त नावं आणि खुणा पाहिल्या होत्या, मधला मजकूर वाचलाच नव्हता. पानपट्टीवाला, मुलाची दारू सुटावी. तलाठीबाई, मूल व्हावं, क्रूस. मशिदीतले मौलवी, मोतीबिंदू, क्रूस. विठ्ठल मंदिराचे पुजारी, मुतखडा, क्रूस. मी मोठ्याने वाचत होतो आणि हवालदार बाजूला उभा राहून ऐकत होता. एका पानावर त्याच्याच मुलीचं नाव निघालं. ताप उतरावा, क्रूस. त्याचा चेहरा उतरला. पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला तेव्हा बायकोने घाबरून सिस्टरला बोलावलं होतं, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. तो बाहेर गेला आणि सिस्टरसाठी चहा घेऊन आला.

पुढची चार पानं उलटली आणि मला अर्जदाराचं नाव दिसलं. एकदा नाही, तीनदा. आईच्या पाठीची जखम भरावी, क्रूस. आईला झोप लागावी, क्रूस. भावाभावांतलं भांडण मिटावं, क्रूस. त्याची म्हातारी अंथरुणाला खिळली होती आणि सिस्टर तीन महिने रोज जाऊन तिची मलमपट्टी करत होती. वहीत काय आहे, हे त्याला कुठून कळलं, तेही उलगडलं. म्हातारीच्या उशाशी बसून सिस्टर त्याच वहीतून प्रार्थना म्हणायची.

मी त्याला बोलावून घेतलं. तो पांढऱ्या कपड्यांत, दोन पोरांना फोटो काढायला घेऊन आला. पोरांना मी फाटकाबाहेर उभं केलं आणि वही त्याच्यापुढे उघडली.

"तुमच्या अर्जाप्रमाणे तुम्ही तीनदा ख्रिस्ती झालात. तुमचा गुन्हा कसा नोंदवू?"

त्याने वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "साहेब, मले सिस्टरचं काही करायचं नव्हतं. ते बंगाली निघाले असते तर लोकायले सांगता आलं असतं, का आपण काहीतरी केलं म्हून."

"चार माणसं देशाबाहेर फेकली जातील, याचा विचार केला होता का?"

"ते आपले थोडीच आहेत, साहेब."

मी आयुष्यात चोर पाहिले, खुनी पाहिले. त्यांच्यावर इतका राग आला नाही. चोर चोरी लपवतो तरी. हा माणूस आईच्या जखमेवर ज्या हाताने मलम लावलं तोच हात पिरगाळून वर शहाजोगपणे समोर बसला होता. माझा हात उठायचाच बाकी होता. सिस्टर बाकावरून म्हणाली, "जाऊ द्या, साहेब. याची माय वाट पाहत असन." मला त्या क्षणी तिचाही राग आला. इतकी क्षमा परवडते कशी या बाईला?

खोट्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाईचा प्रस्ताव मी पाठवला. तो वरच्या वर जिरला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर चोराला सांभाळावं लागतंच.

पावणेचारला बंगालहून ईमेलवर पत्र आलं. चौघेही तिथलेच, तीन पिढ्यांचे. मी अहवाल लिहिला, 'निरंक', आणि सोबत ते पत्र जोडलं. पाचला गाडी आली ती रिकामी परत गेली. वरिष्ठ फोनवर काय बोलले ते छापण्याजोगं नाही. महिन्याभरात माझी बदली यवतमाळला नियंत्रण कक्षात झाली. त्याचं मला दुःख नाही. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. सुटका झाल्यावर थोरला माझ्या टेबलापाशी आला. पिशवी छातीशी धरलेली. म्हणाला, "साहब, एक कागज दो ना. इतना लिख दो, कि पुलिस ने जाँच किया, ये लोग ठीक है. अगला गाँव में दिखाएगा."

मी त्याला सांगितलं की असा कागद देण्याची पद्धत नाही. आमच्याकडे संशयिताचा फॉर्म आहे, फरारीचा आहे, सराईताचा आहे. माणूस निर्दोष आहे असा फॉर्म नाही. हे खरंच होतं. पण मी साध्या कागदावर चार ओळी लिहून खाली शिक्का मारू शकलो असतो. उद्या तो कागद कुणी वरिष्ठांना दाखवला तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. दिवसभर मी दुसऱ्यांच्या भित्रेपणावर चिडत होतो.

आठ दिवसांनी ते खोली सोडून गेले. मी सिस्टरकडे वही परत द्यायला गेलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. मी म्हटलं, त्यांना सांगायचं होतं ना, आता ठाणेदार ओळखीचा आहे म्हणून.

"सांगतलं म्या," ती म्हणाली. "तर थोरला म्हणे, सिस्टर, साहब अच्छा है, पर उनको भी डर लगता है. जो खुद डरता है, उसके भरोसे कैसे रहेगा."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल अनेक गोपनीय अहवाल लिहिले गेले. त्यातला एकही इतका खरा नव्हता.