तिसऱ्या बाकाच्या पुढे

कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बसने फिरायला नेणं म्हणजे निव्वळ छळ, असं त्याचं ठाम मत होतं. सगळा जन्म हलत्या फळ्यांवर उभं राहण्यात गेला. पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या, गुडघे कुरकुरणारे. नोकरी सुटल्यावर त्याने स्वतःसाठी एकच गोष्ट मागून घेतली होती, खिडकीजवळची खुर्ची. ती हलत नसे, एवढंच तिचं कौतुक.

पण बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "सपाट जागेवर रोज थोडं चालवा यांना. आता बसून राहिल्या तर कायमच्या बसतील." घरात ती पलंगापासून मोरीपर्यंत भिंत धरून जायची आणि तेवढ्यावर भागवायची. दाराबाहेर पडायचं म्हटलं की ती उंबऱ्यावरूनच मागे फिरायची. महिनाभर त्याने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, "तळ्यावर नेता का? चालेन मी. पण तुम्ही बरोबर असाल तरच."

तळं म्हणजे त्याच्याच मार्गाचा शेवटचा थांबा. "तळं, शेवटचं तळं, उतरून घ्या" हे तो झोपेतही बडबडायचा. फाटकाच्या आत मात्र एकदाही गेला नव्हता. बस वळेपर्यंत चहा घशाखाली ओतायचा आणि परत फिरायचं. लग्नानंतर काही वर्षं ती विचारायची, "आपण कधी जायचं हो?" पुढे तिने विचारायचं सोडून दिलं.

डेपोत त्याला सगळे टिंगटिंग म्हणत, कारण त्याचा हात कायम घंटीच्या दोरीवर. दोन ठोके पडले की बस निघाली, मग मागून कोणी धावत येवो की बोंबलत येवो. एकदा खुद्द बायकोच दोन्ही हातांत पिशव्या घेऊन थांब्याकडे येत होती. त्याने तिला पाहिलं आणि तरी डबल बेल दिली. "वेळ म्हणजे वेळ, घरचं कोण न् दारचं कोण," असं तो नंतर डेपोत छाती फुगवून सांगायचा. ही गोष्ट पाहुण्यांपुढे निघाली की तीही हसायची. हसताना ती कुठे बघायची, ते त्याने कधी पाहिलं नाही.

तळ्याकाठची वाट खरंच सोपी निघाली. चढ नाही, पायऱ्या नाहीत, बारीक खडी दाबून बसवलेली. थोड्या थोड्या अंतरावर बाक. वाट फाटकापासून निघून पाण्याच्या कडेकडेने पंपघरापर्यंत जात होती आणि तिथेही बसचा थांबा होता, घराकडे जाताना फाटकानंतरचा पहिला. ती एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्याचं कोपर धरून तिसऱ्या बाकापर्यंत गेली. बसली, पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पंपघरापर्यंत जाऊ या का?"

"आज नको. पहिल्याच दिवशी हौस नको," तो म्हणाला. खरं तर त्याच्याच पायांचे तुकडे पडत होते आणि डोळ्यांपुढे ती खुर्ची दिसत होती. दोघं मागे फिरली.

फाटकाशी बस उभी होती. "मी पुढे होऊन जागा धरतो, तू सावकाश ये," म्हणून तो तिची पर्स घेऊन चढला. दाराजवळच्या सीटवर पर्स ठेवली आणि तिला हात द्यायला दारात येऊन उभा राहिला. पण दारात उभ्या राहिलेल्या त्या थकलेल्या देहाला एकच काम ठाऊक होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. हात वर गेला. टिंगटिंग.

नवा कंडक्टर पार पुढे तिकिटं फाडत होता. ड्रायव्हरने घंटी ऐकली आणि बस सोडली.

बस वळणावर आली तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. मागच्या काचेतून ती दिसली. काठीवर रेललेली, दुसरा हात अर्धवट वर केलेला. ओरडत नव्हती. ओरडून बस थांबत नाही हे तिला कोणी शिकवलं होतं, ते त्याला त्या क्षणी कळलं.

त्याने थांबायची घंटी दिली. "काका, इथे वळणावर नाही थांबवता येत," कंडक्टर म्हणाला. "आता पंपघर."

पंपघराला तो उतरला. फाटकाकडे परत जाणारी बस इतक्यात नव्हती आणि तिचा फोन पर्समध्ये, म्हणजे त्याच्याच काखेत. तो काठाकाठाने चालत सुटला. पाय दुखत होतेच, पण त्याहून भीती मोठी होती. आता ही पुन्हा दाराबाहेर पाऊल टाकायची नाही. भिंत धरील, मग पलंग धरील, आणि त्याला कारण आपण.

आणि वाटेच्या साधारण मध्यावर ती समोरून येताना दिसली. एकटी. काठी टेकत, थांबत, पुन्हा टेकत. तिसरा बाक केव्हाच मागे पडला होता.

"अगं, तिथेच थांबायचंस ना!"

"थांबून थांबून कंटाळले," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "शेजारी एक बाई होती. तिला म्हटलं, आमचे हे असेच जातात. नेहमीचंच आहे." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "परत मात्र आजच आलात."

त्याने बरंच काही म्हणायचं जुळवलं होतं. "चुकलो," एवढंच म्हणाला, आणि कोपर पुढे केलं.

फाटक जवळ होतं की पंपघर, हे कोणीच मोजलं नाही. ती पंपघराकडे निघाली, म्हणून तोही. दर बाकावर टेकत टेकत पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं.

बस आली. त्याने आधी तिला चढवलं, मग स्वतः चढला. पर्स आणि काठी त्याने दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

"चला?" कंडक्टरने दोरीला हात घालत विचारलं.

"थांबा," तो म्हणाला. "ती अजून बसली नाही."