टॉवर आणि दादाचं गाऱ्हाणं

आमच्या बंदराच्या गावात चौदा मजली टॉवर उभा राहणार ही बातमी पहिल्यांदा फुटली ती माझ्या थोरल्या भावाच्या दुकानात. दादाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसल्याशिवाय गावात कुणालाच आपल्याला मत आहे असं वाटत नसे. मी तेव्हा कुडाळला बँकेत होते. संध्याकाळी एसटीतून उतरले की सासरी जाण्याआधी थोडा वेळ तिथे टेकायचं, ही माझी सवय. त्यामुळे टॉवरवरची सगळी मतं मला आयती ऐकायला मिळाली.

कुणी म्हणे पर्यटक वाढतील, कुणी म्हणे मुंबईचा मुलगा आता तरी गावात घर घेईल. एका काकांना लिफ्टमध्ये बसायची हौस होती आणि ते ती लपवतही नव्हते. पण बाकडं बहुतेक विरोधातच होतं. समोर समुद्रात किल्ला, मागे कौलारू गाव, आणि मध्ये हा खांब कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्याहून मोठी धास्ती पाण्याची. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरींचं पाणी गोड आहे. चौदा मजल्यांसाठी खोल बोअर मारल्या की ते किती दिवस गोड राहणार? दोघा-तिघांनी तर बुलडोझरसमोर आडवं पडायची तयारी बोलून दाखवली. चहा पिता पिता माणूस फार शूर होतो.

दादा सगळ्यांत कडवा. हातातला पाना न ठेवता तो म्हणायचा, "उद्या किल्लो बघूक चौदाव्या माळ्यार जावचा लागात. आणि बावीत खारा पाणी इला, तर तेंच्या स्विमिंग पुलात कळशी बुडवूया काय?" लोक हसायचे आणि तेच वाक्य मासळीबाजारात जाऊन स्वतःचं म्हणून सांगायचे.

पालिकेत हरकतींची सुनावणी ठरली तेव्हा गावाच्या वतीने दादानेच बोलायचं, यात कुणाचं दुमत नव्हतं. वाडीच्या देवळात जत्रेला गाऱ्हाणं घालायचा मानही त्याचाच होता. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी मालवणीत बोलणं. एकाने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला पाठिंबा द्यायचा. दादा देवाचीही भीड ठेवत नसे. "गेल्या वर्साक आंब्याचो मोहोर करपवलस, औंदा तसा करू नको रे म्हाराजा," असं तो सुनवायचा आणि अख्खं देऊळ हसत हसत 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या वेळी मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बाकड्यावर एकच काळजी होती, दादाच्या तोंडाची. "थंय सायब लोक आसत. जरा शुद्धात बोल. गाळी-बिळी घालू नको," असं सगळ्यांनी त्याला बजावलं. दादाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. मी रजा काढून गेले होते.

माझा भाऊ उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "महोदय, आमचा विकासाला विरोध नाही. परंतु सदर इमारतीबाबत काही बाबी विचारात घ्याव्यात, अशी नम्र विनंती आहे. पाण्याचा प्रश्न उद्भवू शकतो. किल्ल्याच्या सौंदर्यास बाधा पोहोचू शकते." एवढं बोलून, आभार मानून तो खाली बसला. स्विमिंग पूल नाही, कळशी नाही. साहेबांनीही आदराने मान हलवली. आमची माणसं खूश झाली. बाहेर आल्यावर एकाने त्याची पाठ थोपटली, "झकास बोललंस. एकदम वकिलासारख्या." मी मात्र खट्टू झाले. आत बोलला तो दादा माझ्या ओळखीचा नव्हता.

दोन दिवसांनी एका स्थानिक पेपरात दादाचा फोटो छापून आला आणि खाली बातमी, 'विकासाला विरोध नाही, ग्रामस्थांची भूमिका'. 'परंतु' कुठे गेलं कुणास ठाऊक. त्यानंतर महिनाभरात टॉवरला मंजुरी मिळाली. ती त्या बातमीमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, ती मिळणारच होती. पण गावाला कुणीतरी हवा होता आणि फोटो दादाचा होता.

गावात काय बोललं जातंय ते मला कळलं मासळीबाजारात. बांगडे निवडत असताना माझ्या मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "वयल्या माळ्यार फ्लॅट गावलो आसा म्हणतत तेका." वरच्या मजल्यावरचा फ्लॅट कोणाला मिळाला, ते मी विचारलं नाही. पिशवी घेऊन घरी आले आणि मोरीत बसून रडले.

हळूहळू बाकडं रिकामं झालं. माणसं गाडी दुरुस्तीला टाकत, पण उभ्या उभ्या, आणि काम झालं की निघत. ज्यांनी त्याला शुद्धात बोलायला सांगितलं होतं, तेही. मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, एकदा सगळ्यांका काय ता सांगून टाक ना."

"कोणाक सांगू गो?" तो म्हणाला. "बाकड्यार कोण आसा?"

मग चेन साफ करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "इचारल्यानी असता तर सांगलंय असतंय."

त्या वर्षी जत्रेला त्याने नेहमीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. पहिल्या ओळीला गुरव, मी आणि काही मुलं एवढेच 'व्हय म्हाराजा' म्हणालो. बाकीचे हात जोडून उभे होते, पण गप्प. दुसऱ्या ओळीलाही तेच. एरवी अर्धा तास चालणारं गाऱ्हाणं त्याने चार वाक्यांत आवरलं, देवाला नमस्कार केला आणि चपला घालून घरी गेला. पुढच्या वर्षी देवळाच्या कमिटीतला एक जण दुकानात आला. "दादानू, औंदा नव्या पोरांका बोलूक देवया," म्हणाला. दादा म्हणाला, "देवया की."

टॉवर आता पुरा झाला आहे. दादाचा त्यात फ्लॅट नाही हे सगळ्यांना दिसतं, पण म्हणून कुणी येऊन बाकड्यावर बसलं नाही. संशय घ्यायला गाव एकत्र येतं, तो मागे घ्यायचं काम मात्र कुणाचंच नसतं.

यंदा जत्रेचा मांडव आणि रोषणाई टॉवरवाल्यांकडून होती. गाऱ्हाण्याला नवा मुलगा उभा राहिला, आवाज चांगला, हातात माईक. दादा माझ्या शेजारी, पार मागे, खांबाला टेकून. प्रत्येक ओळीला तो सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणत होता, आणि मला त्याचं नवल वाटत होतं. मग तो मुलगा म्हणाला, "बा देवा म्हाराजा, हयसर नवी इमारत उभी रवली आसा. थंय रवूक येतली ती तुझीच लेकरा. तेंची भरभराट कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खं देऊळ म्हणालं. बुलडोझरसमोर आडवे पडणारे सर्वांत पुढे होते आणि त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता.

दादा गप्प होता. हात जोडलेले, ओठ मिटलेले. एवढ्या आवाजात एकाची कमी कुणाला कळणार? ती मला कळली, कारण मी त्याला लागून उभी होते.