मेंढी खरी, चमकी खोटी

जानेवारीचा दुसरा मंगळवार. सकाळी नऊ वाजता जवळा बाजारच्या रस्त्यावर मी बसच्या बंपरपाशी उकिडवी बसून रडारवरची धूळ पुसत होते. रडार म्हणजे हातात मावेल एवढा डबा. समोर माणूस, जनावर, गाडी आली की तो बसला आपोआप ब्रेक लावतो. चाचणी चालू होती. चार वाजता पुण्याहून अधिकारी बसायला येणार होते. त्यांना पटलं नाही तर प्रकल्प बंद.

आणि बस रिकाम्या रस्त्यात थांबत होती.

"ताई, सोळा वर्षं झाली गाडी चालवून राहिलो," ड्रायव्हर गणपतराव म्हणाले, "पण इतकी लाजरी गाडी न्हाई पाहिली. नव्या नवरीवाणी करून राहिली!"

दोन किलोमीटरमध्ये सात वेळा. सातव्या ब्रेकला माझा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला. गणपतराव हसून हसून खोकायला लागले.

उतरून पाहिलं. थांबायची ती प्रत्येक वेळी वळणावरच, म्हणजे बसचं नाक शेताकडे असताना. शेतात ज्वारी हुरड्यात आलेली. पाखरं उडवायला चारी बाजूंनी चंदेरी चमकीच्या पट्ट्या ताणलेल्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या.

मी भर रस्त्यात मोठ्यानं हसले. आधी वीस वर्षं मी क्षेपणास्त्रं हेरणाऱ्या रडारवर काम केलंय. अणुबॉम्ब घेऊन येणारं क्षेपणास्त्र सोबत फुगे आणि अशाच चंदेरी पट्ट्या सोडू शकतं. रडारला वीस ठिपके दिसतात, खरा एकच. बाकीचे डिकॉय, म्हणजे फसवे. तोच डिकॉय इथे चिमण्यांसाठी लावला होता!

माझे बॉस मेहता सर त्याच अधिकाऱ्यांसोबत पुण्याहून गाडीनं निघाले होते. त्यांना फोन लावला.

"सेन्सिटिव्हिटी कमी करा," ते म्हणाले.

"मग कोकरूही दिसणार नाही, सर."

"कोकरू कुठून आलं?"

समोरूनच आलं. सखूबाई पन्नासेक मेंढ्या घेऊन रस्ता ओलांडत होत्या. रोज साडेचारला याच वाटेनं परतायच्या, हेही सरांच्या कानावर घातलं.

"आज त्यांना दुसरीकडून जायला सांगा," सर म्हणाले. मी सांगितलं.

"काहून?" सखूबाई उखडल्या. "मागल्या महिन्यात इथंच टेम्पोनं माही दोन कोकरं चिरडली. तुमच्या गाडीला डोळे हायत म्हणता ना? मंग मी काहून सरकू?"

मी कळपाकडे बोट केलं.

"मावशी, मग गाडीला दाखवायला एक कोकरू तासभर द्या."

"एकटं न्हाई द्यायची. संगं मी बी ऱ्हाते."

बस उभी केली. गणपतराव कोकरू घेऊन समोर गेले. कोकरानं उडी मारली आणि पळालं. मागे गणपतराव, त्यांच्यामागे सखूबाई. "ओ डायवर, पाय धरू नका! पाय धरू नका त्याचा!" मी लॅपटॉपवर तिघांचे ठिपके बघत होते.

उत्तर त्यातच सापडलं. पट्टी फडफडते तेव्हा रडारला वाटतं, ती वेगानं अंगावर येतेय. पण क्षणभरानं पाहावं तर तिथेच. कोकरू मात्र जेवढा वेग दाखवतं तेवढं अंतर कापतं. "निघालोच" म्हणून घरी लोळणारा पाहुणा आणि खरंच दारात आलेला पाहुणा, एवढाच फरक. वेग आणि अंतर जुळलं तरच ब्रेक, अशा चार ओळी प्रोग्रॅममध्ये घातल्या. उभ्या जनावराची तपासणी वेगळी असते, तिला हात लावला नाही. मग दोरीनं ओढलेल्या पोत्यासमोर बस पाच वेळा चालवली. पाचही वेळा थांबली. पट्ट्यांसमोर एकदाही नाही.

चार वाजता अधिकारी बसले, मेहता सरही. तीन वळणं मख्खन. चौथ्यावर सखूबाईंचा कळप, आणि त्यातून एक कोकरू सुसाट बाहेर. गणपतरावांचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत बस थांबली. फायली उडाल्या.

सखूबाई पुढे आल्या, बंपरकडे वाकल्या. "दिसलं व्हय रं तुला?"

अख्खी बस हसली. कळप जाईपर्यंत चार मिनिटं गेली. चाचणीला मुदतवाढ मिळाली, वर चाचणीसाठी सेनगावचा रस्ताही मिळाला.

धडा एवढाच: मशीन उगाच ओरडत असेल तर त्याचं तोंड बांधण्याआधी ते कशाला ओरडतंय, हे खाली उतरून बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळा बाजारात चमकीची सहा रिळं घेतली आणि पुण्याच्या लॅबला कुरिअर केली. टेस्टिंगसाठी त्यांच्याकडे सगळं होतं, हे सोडून.