लहान्याने आधी बोलायचं

आमचा जयरामदादा गेल्या महिन्यात गेला. लोक विचारतात कसा होता. काय सांगू? भात लावला, खाडीचा बांध राखला, जन्म गेला. पन त्याचा एक नेम होता. उधानाच्या दिवशी सगळे बांध फिरून आले की तो विचारायचा, "कोनाला काय दिसला?" आनि पहिला बोलायचा सगळ्यात लहान. मोठा आधी बोलला की लहान गप बसतो, असं त्याचं म्हननं. चुकीचं सांगितलं तरी कोनी हसायचं नाय.

हा नेम त्याला फुकट नाय मिळाला. लग्न नवं होतं तेव्हा वयनी, कृष्णाबाई, बोलली, "अवो, त्या कोपऱ्याला खेकड्याने भोक पाडलाय, पानी झिरपतंय." दादा चार मानसांसमोर हसला. "कालची आलेली मला बांध शिकवते!" दुपारच्या भरतीला बांध तिथंच फुटला. खारं पानी शेतात शिरलं. तीन वर्षं भाताचा दाना नाय.

त्याची नात उन्नती विमानात लागली, एअर होस्टेस. सहा महिने कच्ची नोकरी. दादा तेव्हा शहरात, एव्हरशाईन सिटीत पोराच्या फ्लॅटवर खाटेला खिळलेला. एक दिवस पोरगी ड्रेसवरच आली, बॅग दारात टाकली नि रडायलाच लागली.

"आजोबा, माझी नोकरी गेली बहुतेक."

"काय फोडलंस?"

"काही नाही. विमान निघालं होतं, उडायच्या आधी मी सगळ्यांचे सीटचे पट्टे बघत होते. खिडकीतून पंखाखाली काहीतरी गळताना दिसलं. सीनियर मॅडम बोलल्या, धुतल्याचं पाणी असेल, आता कॅप्टनना फोन नको. पण मला राहवेना. मी बोलले, मॅडम, मी सांगते. आणि केला फोन."

"मग?"

"कॅप्टननी विमान मागे आणलं. इंजिनियरनी दीड तास बघितलं. पाणीच होतं, आजोबा! एक काका सगळ्यांसमोर ओरडले, या पोरीमुळे माझी मीटिंग गेली."

दादा जरा उठून बसला. "काका राहू दे. कॅप्टन काय बोलला?"

"बोलले, थँक यू. पुढच्या वेळी दिसलं तर परत सांग."

"हसला?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? तो बांध राखनारा मानूस हाय."

पन पोरीची भीती काय गेली नाय. सोमवारी ऑफिसात बोलावलेलं. तिला वाटे काढूनच टाकतील. दादा बोलला, "काढली तर ये, बांधावर जागा हाय. पगार नाय, खायला चिंबोऱ्या भरपूर." तेव्हा कुठं हसली.

सोमवारी दादाने सकाळपासून फोन उशाशी धरलेला. कोनाला हात लावू दिला नाय. दुपारी वाजला. नोकरी पक्की झाली. कॅप्टननी स्वतः लिहून दिलेलं, हिने बरोबर केलं. सीनियर मॅडमनीपन तिला चहा पाजला नि बोलल्या, मीच फोन करायला पाहिजे होता.

दादाने फोन ठेवला नि वयनीकडे बघितलं.

"ऐकलंस? त्यांच्या कॅप्टनला ठाऊक हाय. मला तीन वर्षं लागली."

"तुम्हाला पन्नास लागली," वयनी बोलली. "आज कबूल केलंत."

दादा इतका हसला की खोकला आला. अकरा दिवसांनी गेला.

परवा उधान होतं. बांध फिरून आल्यावर सगळे उभे राह्यले, विचारायला कोन नाय. मग वयनीच बोलली, "कोनाला काय दिसला?"

उन्नती सुट्टीवर आलेली. सगळ्यात लहान तीच. बोलली, "आजी, कोपऱ्यावर एक भोक आहे. छोटंच आहे."

आमी सगळे फावडी घेऊन गेलो.