सहा पट्ट्यांचं पितळी कुलूप

कुलपं तारेने उघडण्याचा छंद लागल्यावर पहिले चार महिने मी ज्या नोंदी ठेवल्या, त्या सगळ्या वेळेच्या होत्या. तारीख, कुलूप, मिनिटं, सेकंद. बातमीदारीतली सवय. एकाच कुलपापुढे एका दिवशी चाळीस सेकंद लिहिलेले आहेत आणि दुसऱ्या दिवशी पस्तीस मिनिटं, उघडलं नाही. मधल्या काळात कुलपात काही बदल झालेला नव्हता.

छंदाचं कारण साधं होतं. खामगावच्या आमच्या कचेरीतल्या कपाटाची चावी हरवली, तेव्हा बसस्टँडजवळच्या टपरीवरचे चावीवाले चाचा आले आणि त्यांनी छत्रीच्या काडीने कपाट मिनिटभरात उघडलं. मी आधी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातली कुलपं बहुतेक पिनांची होती. आपल्याकडे पेटीला, गोदामाला, शटरला लागतं ते लिव्हरचं. लिव्हर म्हणजे आतली पितळी पट्टी. कुलपावर सहा लिव्हर असं कोरलेलं असलं, की आत सहा पट्ट्या एकावर एक असतात. प्रत्येकीला एक खाच असते. सगळ्या पट्ट्या आपापल्या उंचीला उचलल्या, की खाचा एका रेषेत येतात आणि खिट्टी सरकते. चावी हे काम एका फेऱ्यात करते. तारेने करायचं तर एका तारेने खिट्टीवर हलका दाब ठेवायचा आणि दुसऱ्या, आकडा वळवलेल्या तारेने एकेक पट्टी उचलायची.

चाचांनी मला भंगारातली कुलपं दिली आणि एक अट घातली. उघडायचं ते स्वतःचं कुलूप, नाहीतर मालक समोर हवा. मालकाच्या घरचं माणूस चालणार नाही. एकदा एक जावई सासऱ्याची तिजोरी उघडून मागायला आला होता, सोबत सासूही होती. चाचांनी दोघांना चहा पाजून परत पाठवलं. सासरा दवाखान्यात होता, शुद्धीवर होता. त्याला विचारून या, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझी वही त्यांनी एकदा चाळली आणि विचारलं, "पेपरवाले, किती वेळ लागला ते लिहून राह्यले. हाताले काय लागलं, ते कुठं हाय?"

तेव्हापासून नोंदी बदलल्या. कोणती पट्टी आधी अडते, कुठे दाब वाढतो. दोन आठवड्यांत दोष दिसला. तिसरी पट्टी बसली की उघडणार या कल्पनेने माझा डावा हात आपोआप जड व्हायचा. दाब वाढला की उरलेल्या पट्ट्या आवळल्या जायच्या आणि काहीच कळायचं नाही. चाचांनी उपाय सांगितला. दाबाची तार बोटाने धरायचीच नाही. तिच्या टोकाला लोखंडी वायसर, म्हणजे नटाखालची भोकाची चकती, अडकवायचं आणि हात मांडीवर ठेवायचा. वायसरचं वजन उत्साहाने वाढत नाही. दुसरा नियम असा, की एक कुलूप सलग पाच वेळा उघडल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही. चौथ्यांदा चुकलं तर पुन्हा एकपासून. हिवाळा संपेपर्यंत टेबलावरची सहा लिव्हरची तीन कुलपं मी पाठोपाठ पाच-पाच वेळा उघडू लागलो. पट्ट्या पुढून मागे मोजायच्या, एक ते सहा, एकही सोडायची नाही. ही पद्धत माझी होती आणि मला ती पक्की वाटत होती.

आमच्या समोरच्या घरात जानेफळहून निवृत्त होऊन आलेले एक शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. काकूंना दोन वर्षांपासून विसर पडू लागला होता. त्या वर्षी चक्करही येऊ लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला, गुरुवारची वेळ दिली आणि एक प्रश्न विचारला. पंधरा वर्षांपूर्वी नागपूरला डोक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आत धातूची क्लिप बसवली होती. ती कोणत्या धातूची? काही जुन्या क्लिपा त्या मशीनच्या चुंबकाने हलतात. कागद दाखवल्याशिवाय मशीनमध्ये घेणार नाहीत. नागपूरचा तो दवाखाना केव्हाच बंद झाला होता. ऑपरेशनची फाइल काकूंच्या लोखंडी पेटीत होती, पेटीला सहा लिव्हरचं पितळी कुलूप होतं आणि चावी काकूंनी कुठेतरी जपून ठेवली होती.

कुलूप कापायला दहा मिनिटं लागली असती. सर ते करायला तयार नव्हते. काकू रोज संध्याकाळी पेटीजवळ जाऊन कुलूप ओढून पाहत. लागलेलं असलं की निवांत बसत. एकदा सरांनी पेटीवर चादर टाकली होती, तर त्या घरभर पेटी शोधत फिरल्या होत्या आणि जेवल्या नव्हत्या. पेटी लग्नातली, कुलूप त्यांच्या वडिलांनी दिलेलं. घरात काय उरलं आहे आणि काय नाही, हे काकू त्या कुलपावरून ठरवत असाव्यात, असं सरांचं मत होतं.

सर आधी चाचांकडे गेले होते. चाचांनी विचारलं, कुलूप कोणाचं? सरांनी खरं सांगितलं. चाचा म्हणाले, मग त्यांना विचारा. सरांना ते शक्य वाटेना. पेटीचा विषय काढला की काकू रडत. म्हणून शनिवारी ते माझ्याकडे आले. चाचांची अट मला माहीत होती. तरी मी होकार दिला. एक कारण म्हणजे गुरुवार जवळ आला होता, आणि दुसरं कारण असं, की टेबलावरची तीन कुलपं मी न चुकता उघडत होतो.

रविवारी सकाळी काकू बहिणीबरोबर वंदनेला विहारात जातात. ती वेळ ठरली. मी वायसर अडकवलं, पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली, सहा मोजल्या. खिट्टी हलली नाही. दाब सोडला, पुन्हा एकपासून. पाऊण तासात अकरा वेळा तसंच झालं. बाराव्या वेळी मी वायसर काढून तार बोटाने दाबली. सोडून दिलेली सवय अडचणीत परत आली. तार वाकली.

वंदना लवकर आटोपली होती. काकू दारात उभ्या होत्या.

"काय करून राह्यले?"

सर उठून उभे राहिले. चावी सापडत नाही म्हणून, असं काहीतरी बोलू लागले. मी काकूंना सांगितलं की आत तुमच्या ऑपरेशनची फाइल आहे, ती डॉक्टरांना हवी आहे, आणि मी तुम्हाला न विचारता कुलूप उघडत होतो.

काकू पेटीशी बसल्या. कुलूप ओढून पाहिलं. ते लागलेलं होतं. मग सरांकडे पाहून म्हणाल्या, "मले काऊन नाई विचारलं? मी का मेली हाव?"

काकू रडल्या नाहीत. उघडा म्हणाल्या, पण फोडू नका आणि परत लावा. त्या दिवशी मी पुन्हा हात लावला नाही.

काकूंनी होकार दिल्याचं सरांनी कळवलं, तेव्हा मंगळवारी दुपारी चाचा आले. सोबत कानस आणि कोऱ्या चाव्या होत्या. ओसरीवर चपला काढून ते आधी काकूंकडे गेले आणि म्हणाले, "भाभी, कुलूप तुमचं हाय. उघडू का?"

"हाव. या पेपरवाल्याले नीट शिकवलं नाई तुमी."

"शिकवलं तं व्हतं. ऐकते कोण?"

त्यांनी स्वतः तार घेतली नाही. मला बसवलं आणि शेजारी बसून राहिले. मी वायसर अडकवलं, एक, दोन, तीन. चौथीला त्यांनी माझं मनगट धरलं.

"ही काही मागून राह्यली का?"

मी तार मागे घेऊन पुन्हा टेकवली. बाकीच्या पट्ट्या दाबाखाली किंचित अडत होत्या. चौथी अडत नव्हती, मोकळी डुलत होती. तिची खाच मुळातच जागेवर होती. चावीचा तो दात तिला उचलत नसणार, नुसता खालून जात असणार. कुलपावर सहा कोरलेलं म्हणून मी सहाही उचलत होतो आणि दर वेळी चौथीला खाचेच्या पुढे नेत होतो. टेबलावरच्या तिन्ही कुलपांत अशी पट्टी नव्हती, त्यामुळे चूक महिनाभर बिनबोभाट चालली.

पाच पट्ट्या उचलल्या. वायसर बोटभर खाली आलं आणि कुलूप उघडलं.

फाइल साड्यांच्या खाली होती. क्लिपचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत टाचलेलं होतं. त्यावर टायटॅनियम लिहिलं होतं. सरांनी ते दोनदा वाचलं, मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि कार्ड खिशात ठेवलं. संध्याकाळी उत्तर आलं की चालेल, मूळ कार्ड घेऊन या. गुरुवारी एमआरआय झाला. चक्कर कानातली निघाली. विसर होता तसाच राहिला.

कुलूप उघडलं त्याच मंगळवारी चाचांनी उघड्या कुलपावरून चावी घडवली होती. तासभर कानस चालली. चावी तयार झाल्यावर सरांनी हात पुढे केला. चाचांनी ती काकूंना दिली. सरांनी हात मागे घेतला. त्यांना जे वाटत होतं ते मलाही वाटत होतं, आणि झालंही तसंच. दहा दिवसांत ती चावी हरवली. दुसरी चावी करून स्वतःजवळ ठेवा, असं मी सरांना सुचवलं. ते नको म्हणाले.

आता काकूंना पेटीतलं काही हवं असलं की त्या मला बोलावतात. मी विचारतो, उघडू का. त्या हाव म्हणतात आणि शेजारी बसतात. आतापर्यंत सात वेळा बोलावलं, सहा वेळा उघडलं. सातव्यांदा, मागच्या आठवड्यात, अर्धा तास झाला तरी खिट्टी सरकेना. मी पुन्हा एकपासून सुरू करणार, तेवढ्यात काकूंनी कुलूप माझ्या हातातून सोडवून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "साडीच पाह्यची व्हती. उद्या येजा."